टपावरचं कॅरियर घरीच बनवताना

म्हैसमाळ किंवा गौताळ्याला मुक्कामी जायचं, तर तंबू-सतरंज्या टपावरच जातात. बोलेरो, ओम्नीसारख्या गाडीला टपाच्या कडेनं पन्हाळ असते, तिलाच क्लॅम्प आवळायचे. पत्र्याला भोक पाडलं की पावसाळ्यात गळती ठरलेली.

एक इंची चौकोनी पाइप, 2 मिमी जाडीचा, पुरतो. 20 फुटी दोन नग आणले तर नुसत्या लोखंडाचंच वजन 17 किलोच्या आसपास भरतं. गाडीच्या पुस्तिकेत टपाची जी मर्यादा दिलीय, त्यातून हे आधी वजा करा. वेल्डिंगवाला म्हणेल, "अजून जाड घ्या साहेब, मजबूत होईल." ऐकू नका. वजन जितकं वर, तितकी गाडी घाटात झुकते. पाण्याचे कॅन तर खालीच ठेवा.

वेल्डिंग कॅरियर खाली उतरवूनच करायचं. पाइपांची तोंडं बंद करा, खालून एक बारीक छिद्र ठेवा, नाहीतर आत पाणी साचून गंज धरतो. वर रेड ऑक्साइड, मग रंग. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. आपल्याकडच्या उन्हात तो वर्षा-दोन वर्षांत कडक होतो, तेव्हा बदला. पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळा.