लठ्ठ मुलाच्या तपासणीला घरातल्या कोणाकोणाला न्यायचं

मूल ‘खात्यापित्या घरचं’ आहे की खरोखर लठ्ठ, हे नजरेनं ठरवू नका. अनवाणी उभं करून टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा आणि टेपनं मोजा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा, येणारा आकडा म्हणजे बीएमआय. ११ वर्षांचा मुलगा, उंची १४० सेंमी, वजन ५० किलो, म्हणजे बीएमआय २५.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं मोठ्या माणसाला हा आकडा थोडासाच जास्त म्हटला असता. पण इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात या वयाला तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे इथे ७० सेंमीच्या वर, तर चालढकल नको.

आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. जिल्हा रुग्णालयासह राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. शाळेत वर्षातून एकदा येणारं बाल स्वास्थ्य पथक उंची-वजन घेतं. त्या जुन्या नोंदी शाळेकडून मागून घ्या, कारण वजनाचा आलेख कधी वर सरकला हे त्यांतूनच कळतं.

सोबत कोण? स्वयंपाक करणारी व्यक्ती, किराणा आणणारी व्यक्ती आणि दुपारी मुलाला सांभाळणारी आजी किंवा आजोबा. एकटी आई सल्ला घेऊन घरी आली की आजी म्हणते, “वाढत्या वयाचं पोर आहे, खाऊ दे.” तिथेच सल्ला संपतो. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तिलाही पटतं.

जाताना तीन दिवसांची खाण्याची वही न्या, त्यात एक रविवार हवाच. ‘नाश्ता’ एवढंच लिहू नका. ‘दोन पाव, चहात दोन चमचे साखर, सातला अर्धी वाटी फरसाण’ असं लिहा. पाच लिटरचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो आणि घरात जेवणारी माणसं किती, तेही टिपून ठेवा. चार माणसांना महिन्याला दोन लिटरच्या आसपास तेल पुरायला हवं. आपल्याकडे खरा घोळ बहुतेक याच डब्यात सापडतो.

“थायरॉईड असेल हो” हे प्रत्येक घर म्हणतं. खाण्यामुळे वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंच असतं. उंची खुंटली असेल, तर मात्र हार्मोन्सचा तपास करावाच लागतो. मानेवर मळासारखा काळा थर घासूनही जात नसेल, तर तो मळ नव्हे, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. झोपेत घोरताना श्वास अडकणं, सारखी तहान आणि लघवी, लंगडणं किंवा मांडी-गुडघा दुखणं, डोकेदुखीसोबत अंधुक दिसणं, यांपैकी काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रक्तदाब मोठ्या दंडाला बसेल अशा पट्ट्यानं घ्यायला सांगा. छोटा पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो.

आता उद्दिष्ट. वाढत्या मुलाचं वजन प्रत्येक वेळी उतरवायचं नसतं, बऱ्याचदा थांबवलं तरी पुरतं. वरच्या उदाहरणातला मुलगा दोन वर्षांत १५० सेंमी झाला आणि वजन ५० किलोवरच राहिलं, तर बीएमआय २२.२ वर येतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळं ‘डाएट’चं ताट वाढू नका. तो भाकरी-भाजी खाणार आणि धाकटी समोर वेफर्स, हे आठवडाभरही टिकत नाही. जे आणायचं नाही ते घरात कोणासाठीच आणू नका. ‘जाड्या’ म्हणणाऱ्या काकालाही आधीच सांगून ठेवा. चिडवलं की मूल लपून खातं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या. शाळेतली चिडवाचिडवी, पाळीच्या तक्रारी आईबाबांसमोर निघत नाहीत.

पहिले तीन महिने दर महिन्याला जा. वजनकाटा तोच, कपडे तेच, वेळही तीच ठेवा. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून उठू नका.