गाडीची सीलबंद बॅटरी इन्व्हर्टरवर का टिकेना

गावच्या घरी लाईट गेली की इन्व्हर्टर काही मिनिटांतच मान टाकायचा. मागे कुणी दुकानदाराने त्याला गाडीचीच सीलबंद बॅटरी जोडून दिली होती. मल्टिमीटर लावला: लोड नसताना १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण. दोन पंखे लावले की आकडा भराभर १०.५ कडे घसरे.

कारण प्लेटांत आहे. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, पुढे अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं जनित्र) ते भरून काढतो. तीच तासन्‌तास पिळली की प्लेटांवरचा लेप गळत जातो. घराला जाड प्लेटांची, खोल डिस्चार्ज सोसणारीच हवी.

ट्यूब्युलर (नळ्यांच्या जाड प्लेटांची बॅटरी) स्वस्त आणि दणकट, पण तिला पाणी घालावं लागतं आणि चार्जिंगला हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. आमचा इन्व्हर्टर झोपायच्या खोलीत, म्हणून व्हीआरएलए घेतली, म्हणजे वायू आतच जिरवणारी, पाणी न लागणारी सीलबंद बॅटरी, पण खोल डिस्चार्ज सोसणारी. इन्व्हर्टरच्या मागचा बॅटरी-टाइप स्विच ट्यूब्युलरवरून एसएमएफवर (म्हणजे सीलबंद बॅटरीच्या खुणेवर) मात्र आठवणीने आणा! चार्जिंग व्होल्टेज जास्त राहिलं तर आतलं पाणी उडतं, आणि सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही. आता रात्रभर पंखा चालतो.

गाडीसाठी घेताना सीसीए (थंडीत स्टार्टरला किती करंट देईल तो आकडा), टर्मिनलची बाजू आणि उत्पादनाची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेली नवी बॅटरीही सल्फेट धरते, म्हणजे प्लेटांवर थर जमून तिची क्षमता घटते.