जुनी स्ट्रॅटोकॅस्टर दुरुस्त करताना या चुका टाळा

साठच्या दशकातली फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार हाती आली की अनेकांना आधी ती उघडायची घाई होते. नॉब खरखरतो, बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) सूर मरतो, एखादा पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) गप्प असतो. मग नवे पॉट (नॉबखालचे आवाज-टोन कमीजास्त करणारे भाग), नवे फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या), जमलं तर नवा रंगही. यातले निम्मेअधिक दोष साफसफाईने आणि सेटिंगने जातात. काढून टाकलेला मूळ भाग मात्र पुन्हा मिळत नाही.

पिकअपचा चुंबक दाबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तिसरी तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असायची त्या काळात तिच्याखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असे. आजच्या तारांच्या सेटमध्ये ही तार साधी असते, त्यामुळे ती जास्त वाजते आणि लोक चुंबक अंगठ्याने खाली ढकलतात. या पिकअपमध्ये जेमतेम 0.06 मिमी जाडीची तांब्याची तार थेट चुंबकांभोवतीच गुंडाळलेली असते. चुंबक हलला की आतले वेढे तुटतात. त्याऐवजी तिसरी तार गुंडाळीची असलेला सेट लावा, किंवा पिकअप थोडा खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली 2.4 मिमी, बारीक तारेखाली 2 मिमी अंतरापासून सुरुवात करा. जाड तार वरच्या फ्रेटवर थरथरत बेसूर वाजत असेल तर चुंबक तिला ओढतोय. पिकअप आणखी खाली न्या.

गप्प पिकअप लगेच बदलणं

आधी मोजा. जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावून स्विचने एकेक पिकअप निवडा. 5.5 ते 6.5 किलोओम आले तर कॉइल (पिकअपची तांब्याची गुंडाळी) शाबूत आहे. 250 किलोओमच्या आसपास आकडा दिसला तर कॉइल तुटलीय, मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट मोजतोय. स्विच हलवताना आकडा उड्या मारत असेल तर दोष स्विचच्या मळक्या पात्यांचा. तुटलेली कॉइल त्याच चुंबकांवर पुन्हा गुंडाळून घेता येते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चुंबकांना गंज चढून तो तारेपर्यंत पोचतो, म्हणून गिटार केसमध्ये सिलिका जेलसकट ठेवा.

खरखरणारा पॉट काढणं

टर्मिनलजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. डब्ल्यूडी-40 नको, त्याचा तेलकट थर धूळ धरतो. सोल्डरला हात लावू नका, मूळ सोल्डर जाणकार खरेदीदार बघतोच. पॉटवरचा कोडही जपा: 3046318 म्हणजे स्टॅकपोल कंपनीचा, 1963 च्या अठराव्या आठवड्यातला पॉट. गिटार त्यानंतरचीच. नेक जोडणाऱ्या मागच्या प्लेटवरच्या नंबरापेक्षा हा पुरावा भक्कम, कारण प्लेट चार स्क्रू काढले की बदलता येते.

बेंड अडकतो म्हणून फिंगरबोर्ड तासणं

जुन्या फिंगरबोर्डची (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीची) गोलाई 184 मिमी त्रिज्येची, आजच्यापेक्षा जास्त. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फार खाली घेतली की बेंड केलेली तार वरच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. सतराव्या फ्रेटवर जाड तार 2 मिमी आणि बारीक तार 1.6 मिमी उंच ठेवा. 1962 च्या मध्यानंतरचा रोझवूड फिंगरबोर्ड पातळ असतो, तो तासला तर लाकूडच उरत नाही. ट्रसरॉडचा (नेकचा बाक राखणाऱ्या आतल्या सळईचा) नट नेकच्या बुडाशी असतो. तारा सैल करा, नेक काढा, एका वेळी पाव फेराच द्या. नेक बसतो त्या खाचेत पातळ पट्टी सापडली तर फेकू नका, ती नेकचा कोन राखते.

लॅकरला पडलेल्या बारीक भेगा पॉलिश कंपाउंडने घासू नका. स्टँडचं रबर जुन्या गिटारवरचं नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मऊ करून त्याला चिकटतं, म्हणून त्यावर सुती कापड गुंडाळा.