पहिला मन्रो चढताना
स्कॉटलंडमधील ३,००० फुटांहून उंच डोंगरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून या शिखरांना त्यांचेच नाव पडले असून आजच्या यादीतील २८२ शिखरे पूर्ण करण्यात अनेकांची निम्मी हयात जाते. (खुद्द मन्रो यांचीही यादी पुरी झाली नाही!) सुरुवात ९७४ मीटर उंचीच्या बेन लोमंडने करावी, वाट रुळलेली आहे. कागदी नकाशा आणि होकायंत्र मात्र वापरता आलेच पाहिजे, कारण १,३४५ मीटर उंच बेन नेव्हिसच्या सपाट माथ्यावर धुके उतरले की वाटेवर रचलेल्या दगडांच्या राशीही दिसेनाशा होतात आणि उत्तरेकडचे कडे तिथून काही पावलांवरच असतात. मागे फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवून निघावे.