बॉनेट उघडण्याआधी: जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला विजेचा बिघाड शोधताना

जुनी स्पोर्ट्‌स कार मिसिंग करायला लागली की हात आधी नव्या पार्टकडे जातो. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदल, प्लग बदल, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बदल. एवढं करून गाडी सुरू झाली तर कशामुळे झाली ते कळत नाही. नाही झाली तर आता एकाऐवजी दोन बिघाड शोधत बसायचं, कारण नवा पार्ट चांगलाच असेल याची खात्री कोण देणार? म्हणून पानं-पक्कड राहू द्या, आधी वही आणि पेन्सिल काढा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते की थंड असतानाच? कळ फिरवल्यासारखी एकदम पडते, की आचके देत देत? एकदम पडत असेल तर संशय विजेवर, आचके देत मरत असेल तर बहुधा पेट्रोलवर. टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा काटाही बघून ठेवा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकांमुळे इंजिन अजून फिरतंय आणि तरी काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलच्या लो-टेन्शन (बारा व्होल्टच्या) बाजूचा प्रवाह तुटतोय असं धरून चाला.

त्यानंतर वायरिंग डायग्राम, तोही त्याच वर्षाच्या मॉडेलचा. जवळपासचा चालत नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचंच बघा: १९६२ साली आलेली ही गाडी १९६७च्या अखेरीपर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं; पुढे निगेटिव्ह अर्थची झाली. सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. शिवाय मधल्या एखाद्या मालकाने अर्थ उलटा करून घेतला असेल तर डायग्रामही फसवतो, तेव्हा बॅटरीची कोणती केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचे वायरचे रंग तोंडपाठ झाले तर फार बरं: तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्ली आणि फ्यूज दोन्हींनंतरची, काळी अर्थची.

हत्यारं फारशी लागत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ बघायचा दिवा), मगरचिमटे लावलेली तीन-चार मीटर वायर आणि साध्या बारा व्होल्टच्या बल्बचा टेस्ट लॅम्प. हा लॅम्प एलईडीचा नको. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि एलईडीही पेटतो. साधा बल्ब मात्र ओढ लावतो आणि मंद होऊन खरं सांगतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, अग्निशामक हाताशी. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी बघायचा विचार आधी सोडा.

आता बॅटरी. चार्ज झालेली, थोडा वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर पुढच्या कुठल्याही मोजमापाला अर्थ नाही.

अर्थ मात्र सवडीने तपासा, कारण निम्मी भुतं तिथेच राहतात. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर वाटेतला एखादा जोड खराब आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी तुटलेली किंवा परत लावायची राहून गेलेली असते, अशा वेळी सेल्फचा प्रवाह चोक नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल हाताला गरम लागली की समजायचं.

मग कॉइलपाशी या. टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला, दुसरं डिस्ट्रिब्युटरकडे (पॉइंट असलेल्या, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या टर्मिनलला लावा आणि इंजिन हळूहळू हाताने फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. लागतच नसेल तर किल्लीच्या बाजूने बघा, किंवा पॉइंट अर्थला चिकटलेत का ते. विझतच नसेल तर पॉइंट किंवा त्यांचा अर्थ. कॉइलचा रोधही मोजून घ्या: साधी कॉइल तीन ओहमच्या आसपास, बॅलास्टवाली (जिच्या वाटेत बॅलास्ट नावाचा वेगळा रोध असतो ती) दीडच्या आसपास. बॅलास्टवाली कॉइल बॅलास्टशिवाय जोडली की ती तापते आणि पॉइंट जाळते.

डिस्ट्रिब्युटर उघडल्यावर पॉइंटमधलं अंतर बघा, एमजीबीला ०.३५ ते ०.४० मिलीमीटर. शाफ्ट बोटाने हलवून पाहा, तो डुगडुगत असेल तर गेजने लावलेलं अंतर टिकणार नाही. माझ्या एका गाडीने मला तीन रविवार नाचवलं. जागेवर उत्तम चालायची, रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला की गपकन बंद. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बोटभर वायरमध्ये. वरचं आवरण शाबूत, आतल्या तारा तुटलेल्या. इंजिनच्या व्हॅक्यूमने पॉइंटखालची प्लेट सरकली की टोकं सुटायची, परतली की जुळायची. तेव्हापासून मीटर लावून ती वायर चिमट्याने हलवून बघतो.

एचटी (हाय-टेन्शन, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड) वायर अंधारात बघा, आवरण फुटलं असेल तर निळसर ठिणग्या दिसतील. वायर काढण्याआधी त्यांचा क्रम लिहून ठेवा (एमजीबीचा १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर घड्याळाच्या उलट दिशेने).

कधीतरीच येणारा बिघाड असेल तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडून लांब वायरने आत डॅशबोर्डवर आणा आणि फेरी मारा. गाडी बंद पडताना दिवाही गेला तर दोष किल्लीकडे, दिवा तसाच राहिला तर कॉइल किंवा त्यापुढे.

बदलायची वेळ आलीच तर एका वेळी एकच पार्ट. आणि फरक पडला नाही तर जुना पार्ट, उदाहरणार्थ पॉइंटसोबतचा कंडेन्सर, फेकू नका; "चालू स्थितीत काढला" अशी चिठ्ठी तारखेसह बांधून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.