ग्रीन कार्डवाल्या आईबाबांना भारतात लांब मुक्काम करायचा असेल तर

मुलाने किंवा मुलीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज होतो. कार्ड येतं, पण पुण्यातलं घर, बँकेची कामं, गुडघ्याचं ऑपरेशन, भाचीचं लग्न हे सगळं तिकडेच असतं. माझे आईबाबा गेली काही वर्षं असेच न्यू जर्सी आणि पुण्यात ये-जा करतात. "सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवून आलं की झालं," असं त्यांना भेटेल त्याने सांगितलं. हे अर्धंच खरं आहे.

ग्रीन कार्ड ही अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी आहे. विमानतळावरचा अधिकारी दिवस मोजतोच, शिवाय तुमचं खरं घर कुठे आहे हेही पाहतो. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात, तर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तुमची तपासणी होऊ शकते. एक वर्ष किंवा जास्त झालं तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. आणि पाच महिने पुणे, तीन आठवडे न्यू जर्सीतलं एडिसन, पुन्हा पाच महिने पुणे असं वर्षानुवर्षं चाललं, तर १८० चा आकडा न ओलांडताही "तुम्ही राहता कुठे?" हा प्रश्न समोर येतोच.

म्हणून पहिलं काम, तिकीट काढण्याआधी मुक्कामाचा प्रामाणिक अंदाज बांधा. ऑपरेशन असेल तर त्यानंतरची फिजिओथेरपीही धरा. सहा महिन्यांच्या आत परतणार असाल तर फार काही करावं लागत नाही. मुक्काम वर्षभर किंवा त्याहून लांबेल असं वाटलं, तर री-एंट्री परमिट, म्हणजे लांब मुक्कामानंतर पुन्हा अमेरिकेत प्रवेशासाठीचं परवानापत्र, घ्या. त्याचा अर्ज आय-१३१ या फॉर्मवर होतो, आणि तो भरताना तुम्ही अमेरिकेतच असावं लागतं. पुण्यात बसून मुलाला "तेवढा फॉर्म भरून टाक" म्हणता येत नाही. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. अर्जानंतर बोटांचे ठसे आणि फोटोसाठी बोलावणं येऊ शकतं, ते उरकूनच निघा. परमिट हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही, ते परदेशातल्या अमेरिकी वकिलातीत मागवता येतं. साधारणपणे ते दिल्याच्या तारखेपासून दोन वर्षं चालतं, आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही.

एक सावधगिरी. परमिटमुळे ग्रीन कार्ड सांभाळायला मदत होते, नागरिकत्वाचे दिवस मात्र त्याने भरून निघत नाहीत. पाच वर्षांच्या नियमाने, म्हणजे ग्रीन कार्डावर पाच वर्षं झाल्यावर, नागरिकत्व घ्यायचं असेल तर त्यातले निदान ३० महिने अमेरिकेत राहिलेलं लागतं, आणि सहा महिन्यांहून लांब फेरीने सलग वास्तव्यावरच शंका येते.

मग अमेरिकेशी नातं टिकल्याचे पुरावे: अमेरिकेतलं चालू बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, आरोग्यविमा, मुलाच्या घरी राहत असाल तर तुमच्या नावाने तिथे येणारी पत्रं. करविवरण रहिवासी म्हणूनच भरा. "अनिवासी" म्हणून भरलं तर आपण इथे राहत नाही हे आपणच लिहून दिल्यासारखं होतं. भारतातल्या एफडी आणि खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्याची वेगळी माहितीही अमेरिकी सरकारला द्यावी लागते.

निघताना भारतीय पासपोर्टची मुदत पाहा. ग्रीन कार्ड पासपोर्टच्या जागी चालत नाही. फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांना याच कार्डाचा एक फायदा आहे: वैध कार्ड असेल तर शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) विमानतळावर नुसतं विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. बाहेर पडून शहर बघायचं असेल तर मात्र व्हिसा हवा. कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत घरी ठेवा. भारतात कार्ड हरवलं तर आय-१३१ए फॉर्म भरून वकिलातीतून विमानात बसण्यापुरती परवानगी घेता येते.

परतताना उशीर झाला असेल तर त्याचं कारण दाखवणारे कागद हातातल्या बॅगेत हवेत: हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं पत्र. विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. कोणी आय-४०७ फॉर्म पुढे केला, तर तो ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडून देण्याचा कागद आहे हे आईबाबांना आधीच समजावून ठेवा. दमलेल्या, इंग्रजी बेताचं असलेल्या माणसाने घाबरून सही करणं मला सगळ्यात जास्त क्लेशाचं वाटतं. सही करणं बंधनकारक नाही. "मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायची आहे" हे एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

आजारपणासारख्या हाताबाहेरच्या कारणाने वर्ष उलटलं आणि परमिटही नसेल, तर वकिलातीत एसबी-१ म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. तो सहज मिळत नाही. अशा वेळी इमिग्रेशन वकिलाची फी वाचवू नका.

आणि जीव पुण्यातच रमत असेल, अमेरिकेत फक्त नातवंडांना भेटायला जायचं असेल, तर मला पर्यटक व्हिसा जास्त सरळ वाटतो. तेव्हा आय-४०७ विचार करून, घरी बसून भरा, त्याची प्रत जपा आणि पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीला ती बरोबर न्या.