जास्वंदीची काडी: पाटणला कुजते, आटपाडीला सुकते

गणपतीला वाहायची ती पाच पाकळ्यांची तांबडी गावठी जास्वंद काडीवर लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या कुंपणावरून फांदी मोडून आणायची, परसात खोचायची आणि पंधरा दिवसांत ती काळी पडलेली बघायची, हेही बऱ्याच जणांच्या सवयीचं असतं.

मुळं नसलेली काडी दोनच प्रकारे मरते. पानं पाणी उडवत राहतात आणि खालून ओढायला मूळ नसतं, तेव्हा ती सुकते. खालचा ताजा काप चिकट ओल्या मातीत हवेवाचून राहतो, तेव्हा ती कुजते. सातारा-सांगलीच्या पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात काड्या बहुतेक कुजून जातात; पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात सुकून. त्यामुळे एकच कृती दोन्हीकडे जशीच्या तशी चालत नाही.

मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की हंगाम सुरू होतो आणि ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. अतिपावसाच्या गावांत जुलैची झड ओसरू द्यावी, किंवा काड्या पत्र्याच्या पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडाही चांगला. डिसेंबर-जानेवारीत काडी लगेच मरत नाही, नुसती बसून राहते, आणि बसून राहिलेली काडी शेवटी कुजतेच. एप्रिल-मेच्या वाटेला जाऊ नये.

काडी कोणती घ्यायची

निम्मं यश इथंच ठरतं. शेंड्याची हिरवी लुसलुशीत फांदी मान टाकते. बुडाची करड्या सालीची जाड फांदी गावठी जास्वंदीत कधी कधी लागते, पण वेळ खाते. हवी ती मधली: यंदाच्याच वाढीची, हिरवी साल तपकिरी व्हायला लागलेली, पेन्सिलीएवढी जाड. फांदी बोटांत धरून वाकवा. रबरासारखी वाकली तर कोवळी, अजिबात वाकली नाही तर जून. थोडी वाकून मग कट्‌कन मोडली की ती बरोबर. फांदी कापण्याआधी पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का ते बघा. तो पिठ्या ढेकूण. आई-झाडावर तो असेल तर काडीबरोबर तोही घरी येतो आणि काड्यांवर झाकलेल्या प्लास्टिकच्या उबेत जोमाने वाढतो. मुंग्यांची रांग लागलेल्या झाडाची फांदी घेऊच नये.

सकाळी आठच्या आत कापावी आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी. गाडीच्या डिकीत तासभर तापलेल्या फांदीला नंतर कितीही पाणी पाजलं तरी ती सावरत नाही.

प्रत्येक काडी ५ ते ६ इंच, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे पान-फांदी फुटते ती गाठ). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून, सरळ. तिरकं खाली आणि सरळ वर हे ठरवून ठेवलं की पंधरा-वीस काड्यांच्या ढिगात उलटी काडी खोचली जात नाही. द्राक्षबागेतला सिकेटर (छाटणीची कात्री) यासाठी उत्तम, पण आधी पातं स्पिरिटने पुसा, आणि बोथट असेल तर वापरू नका. चेपलेल्या सालीतूनच कूज शिरते. जास्वंदीच्या कापातून बुळबुळीत चीक येतो. तो पातं आणि बोटं चिकट करतो, म्हणून फडकं हाताशी ठेवावं.

खालची पानं काढा. वरची दोन ठेवा आणि तीही कात्रीने आडवी अर्धी करा. सगळीच पानं खुडणं ही उलटी चूक आहे, कारण मूळ फुटायला लागणारं अन्न त्या अर्ध्या पानांतूनच मिळतं. कळी असेल तर मात्र काढाच.

माती नव्हे, माध्यम

कृष्णाकाठची काळी माती उसाला कितीही भली असो, काडीला घात करते. ती पाणी धरते आणि हवा कोंडते. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्यावं. उसाच्या रोपवाटिका गावोगाव आहेत, कोकोपीट तिथं चौकशी केल्यास सुटं मिळू शकतं. ते आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावं, नाहीतर त्यातला खारटपणा त्रास देतो. वाळूऐवजी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण तिच्यातली पूड सिमेंटसारखी बसते. चाळून, धुऊन, वर राहिलेली खडीच वापरा. पाटण, शिराळ्याकडे भाताचं तूस मिळतं. ते अर्धवट जाळून काळं केलेलं तिसरा भाग मिसळलं तर निचरा फार छान होतो. शेणखत, गांडूळखत, साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) यातलं काहीही या टप्प्यावर नको. मूळच नाही तर खत खाणार कोण? मळी तर कच्ची असली की तापते.

ओल तपासायची ती मुठीत. भिजवलेलं माध्यम घट्ट दाबलं की दोन-तीन थेंब पडावेत. धार लागली तर उन्हात पसरून ठेवा.

४ × ६ इंचाच्या काळ्या पिशव्या घ्या, बुडाला आणि कडेला मिळून आठ-दहा भोकं पाडा. काड्यांची बुडं १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून त्यात दहा मिनिटं बुडवून निथळू द्या (हातमोजे घालून). ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर हे बुरशीनाशक वापरू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं.

मग संजीवक, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं औषध. गावठी लाल त्याच्याशिवायही लागते, पण लावल्यास मुळं लवकर आणि जास्त येतात. बाजारात मिळणारी रूटिंग पावडर बुडाच्या एक इंचाला लावून जास्तीची झटकून टाकावी. स्वतः द्रावण करायचं तर २०० मिलिग्रॅम आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड, मुळं फुटवणारं संजीवक) ५० मिलि स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात ५० मिलि पाणी घाला. हे २,००० पीपीएम (दहा लाख भागांत दोन हजार भाग) झालं. त्यात काडीचं बूड पाच सेकंद धरायचं, जास्त नाही. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात घरात जीएची (जिबरेलिक ॲसिडची) पुडी पडलेली असते आणि "संजीवकच ना ते" म्हणून काडीला लावली जाते. जीए द्राक्षाचे मणी फुगवायला आहे. मूळ फुटण्याला ते उलट अडवतं. कोरफडीच्या गराने बिघडत नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

काडी थेट खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. आधी काटकीने भोक पाडा, दोन डोळे आत जातील इतकी, म्हणजे दीड-दोन इंच, काडी सोडा आणि दोन बोटांनी माध्यम घट्ट दाबा. हलणाऱ्या काडीला मूळ धरत नाही.

झाकायचं की नाही

माणदेशात, आटपाडी-जतला झाकायलाच हवं. पिशव्या क्रेटमध्ये मांडून तारेच्या कमानीवर पांढरं पातळ प्लास्टिक टाका, कडा विटांनी दाबा, आणि सगळं आंब्याच्या दाट सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली, उत्तरेच्या भिंतीशी ठेवा. झाकलेल्या क्रेटवर दुपारचं ऊन पडलं तर आत काड्या अक्षरशः शिजतात. प्लास्टिकला आतून बारीक दव दिसलं पाहिजे. दव आहे तोवर पाणी घालायचं नाही. रोज सकाळी पाच मिनिटं उघडून हवा द्या. बोअरचं पाणी मचूळ असेल तर पावसाचं साठवलेलं वापरा. खारट पाण्याने पानांच्या कडा करपतात.

पश्चिमेकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की प्लास्टिक घातलं तर बुरशी येते. तिथं फक्त वरून आडोसा, चारी बाजू मोकळ्या, आणि पिशव्या विटांवर उचललेल्या. पाणी घालायची वेळ आठवड्यात एखाद्या वेळी येईल, तीही नाही येणार.

थांबायचं कधीपर्यंत

दुसऱ्या आठवड्यात डोळे फुटतात आणि माणसं खूश होऊन काडी मोठ्या कुंडीत हलवतात. बहुतेक काड्या इथंच जातात. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असते, खाली अजून फक्त पांढुरकी गाठ धरलेली असते. गावठीला मुळं तीन ते पाच आठवड्यांत येतात. काडी अलगद वर ओढून बघा: सुटी आली नाही, खालून कोणी धरल्यासारखी वाटली, तर मुळं आली. रोज ओढून बघू नका, पहिली मुळं केसासारखी तुटतात.

पान पिवळं होऊन गळलं म्हणजे काडी मेली असं नाही. नखाने साल थोडी खरवडा. आत हिरवं असेल तर राहू द्या. बुडाकडून काळं चढत असेल तर उपटून फेका, शेजारच्या काड्यांना लागायच्या आधी.

पिशवीच्या भोकांतून मूळ डोकावलं की प्लास्टिक आठ-दहा दिवसांत थोडं थोडं उघडत न्या. एकदम काढलं तर पानं दुपारीच मान टाकतात. मग ८ इंचांची कुंडी: दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, बगलफांद्या फुटतील. पहिल्या कळ्या जीव तुटला तरी तोडाव्या. जूनमध्ये लावलेल्या काडीचं फूल यंदाच्या गणपतीला मिळत नाही, पुढच्या वर्षीच्या मिळतं.

रोपवाटिकेतल्या ताटलीएवढ्या फुलांच्या संकरित जातींचं गणित वेगळं. त्यांच्या काड्या दोन-अडीच महिने घेतात, बऱ्याच जातात, आणि लागल्या तरी मुळं नाजूक राहतात. द्राक्षात खाली मुळांसाठी डॉगरीज जातीचा खुंट लावून त्यावर कलम करतात, तसाच इथं गावठी लालचा. पेन्सिलीएवढं झालेलं रोप सहा इंचांवर कापून मधोमध इंचभर चीर द्यायची, तेवढ्याच जाडीच्या संकरित काडीला पाचर करून त्यात बसवायची, निदान एका बाजूची साल सालीला जुळवून कलमपट्टी घट्ट गुंडाळायची आणि वर छोटी पिशवी घालायची. तीन-चार आठवड्यांत कलम धरतं. सांध्याच्या खालून फुटवे येत राहतात. ते दिसतील तसे खुडावे, नाहीतर दोन वर्षांत संकरित फांदी दबून कुंडीभर परत लाल गावठीच फुललेली दिसते.